खाड्या मोजा, मग किलोमीटर

सायकल सल्ला : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पाऊस सरून हवा कोरडी व्हायला लागली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. सीट किती उंच ठेवावी, कुठली सायकल घ्यावी हे प्रश्न मागे पडतात आणि ‘मुंबईहून किनाऱ्याने एकट्याने जायचंय’ एवढाच विषय उरतो. या अंकात तेवढाच घेतला आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न (मुलुंड) : दर रविवारी मी मुलुंड ते नरिमन पॉइंट जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर सहज करतो. किनाऱ्याने रत्नागिरी तीन दिवसांत व्हायला हरकत नसावी. नकाशात रस्ता समुद्राला लागूनच दिसतो, म्हणजे सपाटच असणार ना?

उत्तर : सपाट नाही आणि तीन दिवसांत होणारही नाही. झालेच तर पाहण्यासारखे काही उरणार नाही. कोकणचा किनारा म्हणजे एकामागून एक खाड्या : रेवदंड्याला कुंडलिका, मुरूडच्या पुढे राजपुरीची खाडी, बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री. मध्ये जांभ्याचे सडे, म्हणजे जांभ्या दगडाची उंच पठारे. गाव खाली समुद्राशी, सडा वर, त्यामुळे रस्ता खाडीच्या तोंडाशी पाण्याला टेकतो आणि पलीकडे पुन्हा शंभर-दीडशे मीटर चढतो. कसाऱ्यासारखा एकच मोठा घाट असता तर माणूस मनाची तयारी करून चढला असता. इथे छोटे चढ दिवसभर येत राहतात आणि तिसऱ्या-चौथ्या चढाला पाय बोलू लागतात.

दिवसाचा हिशोब असा मांडा. दहा-बारा किलो सामान घेऊन सपाटीवर ताशी १६-१७ किलोमीटर धरा. दर १०० मीटर चढाईला त्यावर आठ-दहा मिनिटे. प्रत्येक फेरीबोटीला पाऊण तास, कारण ओलांडायला जेमतेम दहा-वीस मिनिटे लागली तरी बोट पलीकडच्या काठाला असते तेव्हा थांबावे लागते. ७० किलोमीटर, ९०० मीटर चढाई आणि एक फेरीबोट असा दिवस असेल तर सव्वासहा तास झाले. खाणे, पाणी, फोटो आणि एखादे पंक्चर यांचे दोन तास वेगळे. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे हाताशी अकरा तास, त्यातले शेवटचे दीड-दोन तास राखीव. एकट्याने जाणाऱ्याला ही राखीव शिल्लक लागतेच. गटात चाक तुटले तर दुसरा पुढे जाऊन टेम्पो आणतो, इथे तो दुसरा नसतो.

रत्नागिरीसाठी पाच दिवस ठेवा. मुक्काम मुरूड, हरिहरेश्वर, हर्णै, गुहागर आणि पाचव्या संध्याकाळी रत्नागिरी. वाटेत मुंबईची रो-रो (मोटारीही नेणारी मोठी फेरीबोट), आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा पाच बोटी. दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडेच ठेवा. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून येतो आणि हलका असतो. दुपारी समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो आणि दक्षिणेला जाणाऱ्याच्या पाठीशी राहतो. उलट दिशेने याल तर दुपारचा तोच वारा छातीवर.

प्रश्न (गिरगाव) : मुंबईतून बाहेर पडायचे कसे? अटल सेतूवरून सायकल नेता येते का?

उत्तर : येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवर मोटारसायकललाही बंदी आहे, सायकलचा प्रश्नच नाही. सी लिंक आणि कोस्टल रोडवरही तेच. वाशी-पनवेल-पेण रस्त्याने जाता येते, पण ताज्या पायांचा अर्धा दिवस ट्रकच्या धुरात घालवणे आम्हाला मंजूर नाही.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो घ्या. साधारण तासाभराचा प्रवास. सायकलचे वेगळे तिकीट असते, ते आधी काढा आणि पाऊण तास आधी पोहोचा. माझगावच्या गोदी भागात जुने रूळ रस्त्यात गाडले गेलेले दिसतात. ते काटकोनात ओलांडायचे. तिरके गेलात तर बारीक टायर रुळाच्या फटीत बसतो आणि माणूस खाली. बोटीवर सायकल कठड्याला टेकवा, पुढचा ब्रेक दाबलेल्या अवस्थेत वेल्क्रोच्या पट्टीने किंवा जाड रबरबँडने बांधा आणि फ्रेम दोरीने कठड्याला आवळा. सामानाच्या पिशव्यांपैकी पाकीट आणि फोनची पिशवी बरोबर वर न्या.

मांडव्याला उतरलात की दहा मिनिटे चहा घ्या. बोटीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुटतात आणि अलिबागच्या रस्त्यावर पहिले काही किलोमीटर त्या तुम्हाला घासून जातात. त्या जाऊ द्या, मग रस्ता तुमचाच.

गेट वे–मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असतात, आणि इतर वेळी सायकल घ्यायची की नाही हे त्या-त्या चालकावर आणि गर्दीवर ठरते. शनिवारी सकाळी त्यावर अवलंबून राहू नका.

प्रश्न (डोंबिवली) : सल्ले पुष्कळ वाचले. कुणीतरी एक दिवस तासावार सांगाल का? किती वाजता काय करायचे?

उत्तर : मुरूड ते हरिहरेश्वर घेऊ. अंतर पासष्ट ते सत्तर किलोमीटर, एक फेरीबोट. या एका दिवसात किनारी रस्त्याचे सगळे नमुने भेटतात.

आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी विचारा की आगरदांड्याहून पहिली बोट किती वाजता सुटते. हंगामानुसार वेळा बदलतात आणि गावातल्या माणसाला त्या तुमच्या फोनपेक्षा जास्त ठाऊक असतात. सकाळी सहाला दोन केळी किंवा राजगिऱ्याचे दोन लाडू आणि चहा. सकाळी टायरला अंगठा लावून हवा बघा. मऊ वाटला तर ट्यूब बारीक गळते आहे. ती आत्ता सावलीत बदलायची की अकराच्या उन्हात, एवढाच प्रश्न. साडेसहाला मागचा लाल दिवा लावून निघा.

आगरदांडा आठ-दहा किलोमीटर. धक्क्यावर पोहोचलात की सायकलवरून उतरा. धक्क्याची उतरण दवाने आणि शेवाळाने बुळबुळीत झालेली असते आणि बोटीचा लोखंडी पत्रा जिथे काँक्रीटवर टेकतो तिथे चार बोटांची फट राहते. पुढचे चाक उचलून फटीपलीकडे ठेवायचे, हात मागच्या ब्रेकवर. पुढचा ब्रेक दाबलात तर सामानाच्या वजनाने मागचे चाक फिरून आडवे येते. पलीकडे उतरताना पुन्हा तेच : मोटारी आधी.

दिघीत बंदरामुळे अवजड ट्रक असतात आणि बोटीतून उतरल्यावर पाय थंड असताना लगेच चढ लागतो. सर्वांत हलक्या गिअरवर पाच मिनिटे नुसते पाय फिरवा. बोर्ली पंचतनला नाश्ता. इथे बाजारपेठ आहे, औषधाचे दुकान आहे, पंक्चरवाला आहे. रोख पैसे लागणार असतील तर इथेच काढा.

पुढे दिवेआगर. इथे पाणी पूर्ण भरा, किमान अडीच लिटर. कारण यानंतरचा आरावी, कोंडिवली, शेखाडीवरून श्रीवर्धनला जाणारा समुद्रकाठचा रस्ता हा दिवसाचा सर्वांत देखणा आणि सर्वांत उघडा भाग आहे. दुकाने तुरळक, चढ लहान पण उभे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा झोडपल्या. जुन्या लेखांत वाचलेली सावली जागोजाग भेटेल या भरवशावर राहू नका. उतारावरच्या वळणांत जांभ्याची बारीक लाल खडी वाऱ्यापावसाने रस्त्यावर येऊन बसलेली असते. ती साबुदाण्यासारखी टायरखाली गोल फिरते. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात ब्रेक सोडून द्या, बाहेरचा पाय खाली आणि नजर वळणाच्या शेवटाकडे.

श्रीवर्धनला साडेबारा-एकपर्यंत पोहोचायला हवे. या बाजूच्या घरगुती खानावळींत जेवण बहुधा आधी सांगावे लागते, म्हणून दिवेआगरहूनच फोन करा. जेवणात भात आणि सोलकढी भरपूर, तळलेले मासे बेताने. तेलकट जेवणानंतर चढ चढताना ते घशाशी येते. तीनपर्यंत सावलीत पडा. दोन वाजून गेले तरी श्रीवर्धनला पोहोचला नसाल तर हरिहरेश्वरचा नाद सोडा आणि इथेच राहा. दुसऱ्या दिवशी पहाटे वीस किलोमीटर जास्त चालवणे परवडते, रात्रीच्या अंधारात अनोळखी उतार परवडत नाही.

तीनला निघालात तर पाचच्या आत हरिहरेश्वर. ऊन उजव्या गालावर, वारा पाठीवर.

त्यानंतरचा अर्धा तास दिवसातला सर्वांत महत्त्वाचा आणि तोच लोक गाळतात. आधी सायकल, मग आंघोळ, मग चहा. हा क्रम उलटला की सायकल राहून जाते. सायकलचे काय करायचे ते खाली विलेपार्ल्याच्या प्रश्नात सांगितले आहे. मग ४ नंबरच्या अॅलन कीने कॅरिअरचे बोल्ट एकेक तपासा. पहिल्या दोन दिवसांत ते हमखास ढिले होतात, कारण नवा रंग आणि वॉशर दबून जागा करतात. दोन जास्तीचे ५ मिलिमीटरचे बोल्ट आणि सात-आठ केबल टाय जवळ असले की तुटलेले कॅरिअरही गावापर्यंत जाते.

प्रश्न (परळ) : माझ्या जुन्या हायब्रिडला पुढे ४८-३८-२८ आणि मागे १४ ते २८ दाते आहेत. दुकानदार म्हणतो, नवी सायकल घ्या. खरेच गरज आहे?

उत्तर : नाही. मागचे फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचा दात्यांच्या चकत्यांचा संच, बदला, काम होईल.

आकडे पाहा. स्वार ७० किलो, सायकल १४, सामान १२, एकूण ९६ किलो. आठ टक्के चढावर एवढे ओझे रेटायला सुमारे ८३ न्यूटन बल लागते. पुढे २८, मागे २८ असताना पायांचे एक आवर्तन म्हणजे चाकाचा एक फेरा, सुमारे २.१७ मीटर. मिनिटाला ६० आवर्तने ठेवलीत तर वेग ताशी ७.८ किलोमीटर आणि पायांतून १८० वॅट. ऑफिसात बसणाऱ्या माणसाला हे पंधरा मिनिटे जमते, दिवसभरातल्या आठ चढांना जमत नाही. मग पाय हळू पडतात, जोर गुडघ्यावर येतो आणि तिसऱ्या दिवशी जिना उतरताना वाटीखाली दुखते. मागे ३४ घातले की त्याच आवर्तनांना वेग ताशी ६.४ आणि लागणारी ताकद १५० वॅटच्या आत.

बदलताना तीन गोष्टी बघून घ्या. एक, तुमच्याकडे फ्रीव्हील आहे की कॅसेट (आट्यांऐवजी सरकवून बसवायचा चकत्यांचा संच). सात गिअरच्या जुन्या सायकलींना बहुतेक वेळा आट्यांवर बसणारे फ्रीव्हील असते. दोन, मागच्या डिरेलरची, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेची, क्षमता. पुढचा फरक ४८ वजा २८ म्हणजे २०, मागचा ३४ वजा १४ म्हणजे २०, बेरीज ४०. डिरेलर ४० दात्यांची ढिलाई ओढून घेणारा, म्हणजे लांब पिंजऱ्याचा हवा आणि ३४ दात्यांची चकती त्याला चालायला हवी. तीन, चेनची लांबी. पुढे-मागे दोन्हीकडे मोठ्या चकतीवर चेन गेली तरी डिरेलर ताणून सरळ होता कामा नये. जुनी चेन तशीच ठेवलीत आणि चुकून तो गिअर पडला, तर डिरेलर मुरगळून स्पोकमध्ये जातो आणि सहल तिथेच संपते.

चेन जुनी असेल तर पट्टीने मोजा. पिनच्या मध्यापासून चोवीस जोड म्हणजे नेमके १२ इंच भरायला हवेत. एक सोळांश इंच वाढले असेल तर चेन टाका. नव्या फ्रीव्हीलवर झिजलेली चेन चढवणे म्हणजे नवे दाते तिच्या मापाने घासून घेणे.

प्रश्न (बोरिवली) : गावात पंक्चर काढून मिळते का? किती ट्यूब न्याव्यात?

उत्तर : पंक्चर काढून मिळेल, ट्यूब मिळणार नाही. गावच्या दुकानात २६ इंची आणि जुन्या काळ्या सायकलींची २८ इंची ट्यूब असते. ७०० सी मापाची (हायब्रिड आणि रोड सायकलींची) क्वचित. म्हणून दोन ट्यूब, सहा पॅच, सोल्युशनची न फोडलेली नळी, दोन टायर लिव्हर आणि हातपंप. एकदा फोडलेली सोल्युशनची नळी टोपण कितीही घट्ट लावा, काही महिन्यांत आत सुकते. घरातून निघताना जुनी नळी पिशवीत टाकणारे बरेच असतात.

वॉल्व्ह बघून घ्या. बारीक, टोकाला स्क्रू असलेला प्रेस्टा असेल तर पेट्रोल पंपाचा नोझल त्यावर बसत नाही. पितळेचा छोटा अॅडॅप्टर मिळतो, तो वॉल्व्हवरच चढवून ठेवा. पिशवीत ठेवलात तर वेळेला सापडणार नाही. रिमचे भोक प्रेस्टासाठी साडेसहा मिलिमीटरचे आणि मोटारसायकलच्या जाड वॉल्व्हसाठी साडेआठचे असते, म्हणून जाड वॉल्व्हची ट्यूब तुमच्या रिममध्ये जाणारच नाही.

ट्यूब काढल्यावर आधी भोक वाचा. शेजारी-शेजारी दोन बारीक चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटली. ३५ मिलिमीटरच्या टायरला सामानासह मागे ६५ आणि पुढे ५५ पीएसआयच्या आसपास हवा लागते. टायरवर छापलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडू नका. भोक आतल्या, रिमच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकून स्पोकचे टोक लागते आहे. पॅच लावून उपयोग नाही, पट्टी नीट करा. भोक वॉल्व्हच्या मुळाशी असेल तर पॅच बसत नाही, ट्यूब बदला. आणि बाहेरच्या बाजूला एकच भोक असेल तर काटा किंवा काच अजून टायरमध्येच आहे. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. जिथे कापूस अडकेल तिथे तो असतो. बोट फिरवू नका, रक्त निघते.

पॅच लावताना घाई हेच पॅच सुटण्याचे मुख्य कारण. पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासा, सोल्युशन पॅचपेक्षा मोठ्या वर्तुळात पातळ लावा आणि बोटाला चिकटणे थांबेपर्यंत सुकू द्या. कोरड्या हवेत पाच मिनिटे पुरतात, खाडीकाठी दमट हवेत दहा.

प्रश्न (विलेपार्ले) : खाऱ्या हवेने सायकल गंजते म्हणतात. रोज काय करावे? चेनला खोबरेल तेल चालते का? आणि किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत सायकल चालवायला काय हरकत आहे?

उत्तर : शेवटचे आधी. हरकत आहे. ओली वाळू कडक असते, चालवायला मजा येते, फोटोही छान येतो. पण ते पाणी खारे असते. हबच्या (चाकाच्या मध्यभागाच्या) बेअरिंगमध्ये मिठासकट वाळू गेली की दोन दिवसांत चाक हातात फिरवल्यावर खरखर जाणवते आणि मग बेअरिंगचे शंकू, गोळ्या सगळे बदलावे लागते. टायर लाटेत टेकवून फोटो काढायचाच असेल तर सायकल उचलून न्या आणि उचलून आणा.

रोज संध्याकाळी एक बादली गोडे पाणी. मगाने वरून सोडायचे, पाइपचा जोर बेअरिंगवर मारायचा नाही. मोटारसायकल धुणारा प्रेशर पंप तर अजिबात नको, तो सीलच्या आत पाणी घालतो आणि आतले ग्रीस धुऊन काढतो. रिम ब्रेक असेल तर ब्रेकच्या रबरात रुतलेले चकाकते कण सेफ्टी पिनने उकरून काढा, नाहीतर ते अॅल्युमिनियमच्या रिमवर चर पाडतात. उतारावर ब्रेक दाबताना करकर आवाज येतो तो त्यांचाच.

खोबरेल तेल नको. थंडीत ते गोठते, उन्हात पातळ होऊन ओघळते, आणि राहिलेले चिकट होऊन वाळू धरते. सायकलचे ‘वेट’ (दाटसर) चेन ऑइल ५० मिलिलिटर न्या, बारा-पंधरा दिवस पुरते. ते संपले तर शिलाई मशीनचे तेल, कोणत्याही गावात मिळते. पातळ असल्याने रोज घालावे लागते, एवढेच.

घालण्याची रीत : चेन फडक्यात धरून पेडल उलटे फिरवा आणि मळ पुसा. चेनला शंभराहून जास्त जोड असतात. प्रत्येक रोलरवर, आतल्या बाजूने, एकच थेंब. सुरुवातीच्या जोडाला खूण करून ठेवा म्हणजे दुसऱ्यांदा फिरणार नाही. दहा मिनिटे थांबा, मग कोरड्या फडक्याने बाहेरचे तेल पूर्ण पुसा. तेल रोलरच्या आत हवे. बाहेर ओले दिसले की सकाळपर्यंत त्यावर वाळू बसलीच. डिस्क ब्रेक असेल तर तेलाचा स्प्रे जवळपासही नको. डिस्कवर उडालेला एक फवारा पॅडमध्ये मुरतो आणि ते पॅड फेकावे लागतात.

गिअर आणि ब्रेकच्या केबलही मिठाने आतून गंजतात. गिअर टाकताना अंगठ्याला रोज थोडा जास्त जोर लागतोय असे वाटले तर ती केबल. एक ब्रेकची आणि एक गिअरची आतली तार वेटोळे करून न्या, दोन्ही मिळून मूठभरही होत नाहीत.

प्रश्न (चेंबूर) : उन्हात नुसते पाणी प्यायले तरी दुपारी डोके दुखते, गळून जायला होते. कशाने?

उत्तर : घामातून मीठ जाते आणि नुसत्या पाण्याने रक्तातले सोडियम आणखी पातळ होते. तासाला ५०० ते ७५० मिलिलिटर पाणी, आणि दोन बाटल्यांपैकी एकीत मीठ-साखर. ओआरएसची मोठी पुडी एका लिटरला असते. बाटली पाऊण लिटरची असेल तर अख्खी पुडी ओतू नका. घरी करायचे असेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. शहाळे चांगले, पण त्यात पोटॅशियम जास्त आणि सोडियम कमी असते, म्हणून बरोबर चिमूटभर मीठ किंवा खारे शेंगदाणे घ्या. मीठ घातलेले कोकम सरबत उत्तम. लघवी गडद पिवळी होत असेल तर तुम्ही मागे पडला आहात. डोके दुखते, मळमळते आणि तरीही पोटात पाणी डुचमळते आहे, तर पाणी जास्त आणि मीठ कमी झाले आहे. अशा वेळी आणखी पाणी पिऊ नका, सावलीत बसून खारट काहीतरी खा. बोलणे असंबद्ध होऊ लागले तर मात्र थेट दवाखाना. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मिठाचे प्रमाण आधी डॉक्टरांना विचारून ठरवा.

प्रश्न (दादर) : मी बावन्न वर्षांची आहे, एकटी जाणार आहे. घरचे नको म्हणतात. मला भीती नाही, पण तयारी काय करू ते सांगा.

उत्तर : ताई, घरच्यांना वेळापत्रक द्या. ‘पोहोचले की फोन करते’ याला वेळापत्रक म्हणत नाहीत. ‘दुपारी एक आणि संध्याकाळी साडेपाच, या दोन वेळा मेसेज. सातपर्यंत आला नाही तर मुक्कामाच्या नंबरवर फोन’ असे लिहून द्या आणि तो नंबर रोज आदल्या रात्री कळवा. सड्यांवर आणि शेखाडीसारख्या भागांत नेटवर्क जाते, त्यामुळे मधल्या तासाला उत्तर नाही आले तर घाबरायचे नाही, हेही त्यांना आधीच सांगून ठेवा. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. आणीबाणीला ११२, रुग्णवाहिकेला १०८.

मुक्काम घरगुती ठिकाणी घ्या, जिथे कुटुंब त्याच आवारात राहते. फोनवर काकूंशी बोलणे झाले की बराच अंदाज येतो. शनिवार आणि सुट्टीच्या दिवशी मुरूड-काशीद-दिवेआगर भरलेले असते आणि रस्त्यावर पिऊन गाड्या चालवणारेही तेव्हाच. सोमवारी निघा. वाटेत कुणी ‘एकट्याच का?’ विचारले तर ‘पुढच्या गावात लोक थांबलेत’ एवढे पुरे. पुढचा मुक्काम कुठे, हे अनोळखी माणसाला सांगायचे नाही. स्वच्छतागृहासाठी पेट्रोल पंप आणि नाश्त्याची ठिकाणे. सकाळीच त्यांची नोंद नकाशावर करून ठेवा, म्हणजे पाणी कमी प्यायचा मोह होत नाही.

कुत्री अंगावर आली तर सायकल पळवू नका. चढावर तुम्ही हरणार आणि उतारावर पडणार. खाली उतरा, सायकल मध्ये धरा आणि चालत राहा.

सायकलिंगच्या गादीवाल्या चड्डीखाली दुसरे काही घालायचे नाही, शिवणीच्या वळाने त्वचा सोलते. दोन चड्ड्या, रोज एक धुवायची. दमट हवेत ती रात्रीत वाळत नाही, म्हणून कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून जोराने पिळा, मग पंख्याखाली. करंगळी आणि शेजारचे बोट बधिर होत असेल तर तळहाताच्या कडेची नस दबते आहे. पकड दर दहा मिनिटांनी बदला आणि हँडल सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वर घ्या.

प्रश्न (बोरिवली) : परतताना रेल्वेने सायकल आणायची आहे. कशी बांधू?

उत्तर : मोठ्या स्थानकावरून बुक करा. रत्नागिरी चालेल, पुढे गेलात तर मडगाव. लहान स्थानकावर गाडी इतकी कमी थांबते की सामानाच्या डब्यात सायकल चढवायला वेळ मिळत नाही. गाडीच्या दोन-तीन तास आधी पार्सल ऑफिसला पोहोचा, तिकीट आणि ओळखपत्राची प्रत जवळ ठेवा.

पेडल काढा, नाहीतर ती शेजारच्या सामानात अडकून वाकतात. १५ नंबरचा पाना लागतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. लक्षात ठेवायची सोपी खूण : पाना वरच्या बाजूला धरून मागच्या चाकाकडे ढकलला की दोन्ही पेडल सुटतात. खाऱ्या हवेत आठवडा काढल्यावर ती जाम होतात, म्हणून निघण्यापूर्वी घरीच काढून आट्यांना ग्रीस लावून बसवा. चेन मागे सर्वांत मोठ्या दात्यांच्या चकतीवर आणा, म्हणजे डिरेलर आत सरकतो. त्यावर पुठ्ठा बांधा, कारण फटका नेहमी तिथेच बसतो. हँडल फिरवून फ्रेमला समांतर करा, वर गोणपाट शिवा. दिवे, मीटर, पंप, बाटल्या आणि सीटखालची पिशवी काढून स्वतःजवळ घ्या. नाव, फोन, कुठून-कुठे हे दोन ठिकाणी लिहा, एक गोणपाटावर आणि एक आत फ्रेमला चिकटवून. पावती मिळाली की तिचा फोटो काढा. सायकल तुमच्याच गाडीत चढली का, हे फलाटावर उभे राहून डोळ्यांनी बघा. चढली नसेल तर ती दुसऱ्या गाडीने येते आणि मुंबईत पार्सल ऑफिसला पुन्हा फेरी पडते.